कंसातला हुकूम

घडीमावशीने खरं बंदर कधी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. तिने पाहिलेलं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीतल्या तीन मशीनींचं, आणि तेही गोल काचेतून. तरी दोन वर्षं ती एका बंदराची प्रमुख आहे आणि बेचाळीस माणसं तिथे तिचं ऐकतात. हे ज्याला सांगावं तो आधी हसतो. तिचा नवराही हसला होता. म्हणून मुळापासून सांगितलेलं बरं.

मोठ्या हॉस्पिटलच्या तळघरात ही लॉन्ड्री. वरच्या सात मजल्यांच्या मळक्या चादरी, अभ्रे, गाऊन पिशव्यांत बांधून खाली येतात. त्या निवडायच्या, धुवायच्या, वाळवायच्या, इस्त्रीच्या रोलरखालून काढायच्या, घड्या घालून ट्रॉलीत रचायच्या आणि परत वर धाडायच्या. मावशी एकवीस वर्षं घडीच्या टेबलावर. उंचीने बेताची, अंगाने आडवी, बोलायला जेमतेम. पण तिने घडी घातली की काठावर काठ असा बसणार की ढीग कापून काढल्यासारखा दिसावा. म्हणून घडीमावशी. पुढे पुढे नवराही रागात असला की याच नावाने हाक मारायला लागला.

लॉन्ड्रीत एक मुकादम. हा सकाळी सातला ओरडायला सुरुवात करायचा तो चारला घसा बसेपर्यंत. "हात चालवा! तुम्हाला काय इथे फोटो काढायला बसवलंय?" लोकांना त्याच्या ओरडण्याची इतकी सवय, की तो रजेवर गेला की कानाला चुकल्यासारखं व्हायचं. काम मात्र जेवढं व्हायचं तेवढंच व्हायचं. आणि पूर्वी एक मोठ्या सिस्टर होत्या, चौथ्या मजल्यावरच्या. त्या कधीमधी खाली यायच्या. त्यांचा आवाज इतका बारीक, की ऐकायचं तर मशीन बंद करावी लागायची. हातात डाग राहिलेली एखादी चादर असायची. म्हणायच्या, "ही मी माझ्या पेशंटखाली कशी घालू? तुम्हीच सांगा." बस. उत्तराची वाट बघत उभ्या राहायच्या. चादर परत पाण्यात जायची, आणि तिच्याबरोबर त्या दिवशीच्या सगळ्याच.

मावशीने हे दोघं कितीतरी वर्षं शेजारी शेजारी पाहिले. त्यातून तिच्या डोक्यात काय साठत होतं ते तिलाही ठाऊक नव्हतं.

फोनमधलं बंदर दाखवलं ते लेकीने. ही पोरगी चष्म्याच्या दुकानात कामाला. एका सुट्टीच्या दुपारी आईशेजारी लोळत म्हणाली, "आई, हे बघ, इथे सगळे मिळून एक गोष्ट लिहितात. बंदराचं गाव आहे. प्रत्येकाने कोणीतरी व्हायचं. तू कोण होणार?"

"मी काय होणार? झाडणारी होते."

लेकीने कपाळाला हात लावला. "अगं, राणी हो, जहाज लुटणारी हो, काहीही हो की! झाडायला तिथे कशाला जायचं?"

"झाडायचं कसं ते मला येतं. राण्या दिवसभर काय करतात कुणास ठाऊक."

लेक महिनाभरात कंटाळून निघून गेली. आई राहिली. चारला पाळी सुटली की कपडे बदलायच्या खोलीतल्या बाकावर पाय सोडून बसायची आणि बंदराचा धक्का झाडायची.

या खेळाचे नियम दोनच, पण मोडले की माफी नाही. पहिला असा, की आपण आपल्याच माणसाचे हातपाय हलवायचे, दुसऱ्याचे नाही. 'मी त्याला धक्का दिला' असं लिहिता येतं. 'तो पडला' असं लिहिता येत नाही. पडायचं की नाही ते तो ठरवणार. दुसरा नियम कंसाचा. गोष्ट सोडून खऱ्या आयुष्यातलं काही सांगायचं असेल, तर ते दुहेरी कंसात लिहायचं. ((कुकर लावून येते.)) ((साहेब आले, पळतो.)) कंसात कोणी राजा नाही, कोणी खलाशी नाही. कंसात सगळे आपापल्या घरचे.

आता यातली गंमत बघा. पहिल्या नियमाने कोणी कोणाचा हात हलवू शकत नाही, म्हणजे मग हुकूम चालायचा कसा? आधीचे बंदरप्रमुख याच खड्ड्यात पडले. ते सारखे लिहायचे, 'मी प्रमुख आहे! हा माझा हुकूम आहे!' चोरटा माल आणणारा एक खट्याळ गडी होता, तो खाली लिहायचा, 'हुकूम ऐकला. कान खाजवला. पोतं खांद्यावर टाकून पुढे निघालो.' सगळं बंदर हसायचं. प्रमुख आणखी ओरडायचे.

एकदा गोष्टीत तेलाच्या जहाजाला आग लागली. प्रमुखांनी सात हुकूम सोडले, कोणी जागचं हललं नाही. तेव्हा झाडणारी पुढे आली आणि तिने लिहिलं, 'वारा गोदामाकडे आहे. मी एकटी दोर सोडायला जाते आहे. चोरटेदादा, दोर ओला आहे, माझ्या हाताने सुटणार नाही. तुम्ही याल का?' आणि थांबली. पुढे काही लिहिलं नाही.

चोरट्याने पोतं खाली टाकलं. मग चारजण धावले, मग दहा.

आठवडाभराने जुने प्रमुख रुसून खेळ सोडून गेले आणि लोकांनी झाडणारीला खुर्चीवर बसवलं. ती नको नको म्हणत होती. पण खुर्चीवर बसल्यावरही तिने आपली रीत सोडली नाही. आवाज चढवायचा नाही. कारण सांगायचं. जे सांगायचं त्यातलं जड टोक आधी आपण उचलायचं. आणि सांगून झालं की समोरच्याला वेळ द्यायचा.

नवरा बसगाड्या रंगवायच्या कारखान्यात रंगारी. चहा पिता पिता विचारायचा, "काय प्रमुख, बंदरात आज पाणी होतं का?"

"होतं. तुमच्या कारखान्याच्या नळाला असतं त्याच्यापेक्षा जास्त."

"आणि पगार?"

"गप्प बसा, नाहीतर जहाजावर घालून देईन."

त्या बंदराच्या टोकाला एक दीपगृह होतं आणि त्याचा एक राखणदार. माणूस खऱ्यात कुठल्याशा लांबच्या शहरात एकटा राहणारा, घरोघरी जाऊन विजेचे मीटर वाचून रिटायर झालेला. बंदरात लोक यायचे, भांडायचे, लग्नं करायचे, बुडायचे, कंटाळून निघून जायचे. हा कशातच नाही. रोज संध्याकाळी साडेपाचला याची चार ओळींची नोंद यायची. राखणदार एकशे बारा पायऱ्या चढला. काच पुसली. वात कातरली. दिवा लागला. दोन वर्षांत एक दिवस खाडा नाही. मावशी बस स्टॉपवर उभी राहून ती नोंद वाचायची आणि मगच बसमध्ये चढायची. बंदरातल्या बऱ्याच जणांचं असंच होतं. दिवा लागला की दिवस संपला असं त्यांना वाटायचं.

दोघांचं कंसात थोडंफार बोलणं व्हायचं. तिने आपण कोण ते सांगितलं नव्हतं, त्याने विचारलं नव्हतं. तो लिहायचा, ((आज इथे फार उकडतंय.)) ती लिहायची, ((इथेही.)) एवढ्यावर भागायचं.

मग एका दिवशी नोंद दहा मिनिटं उशिरा आली. ((माफ करा. नव्या बुटाने पायाला फोड आणलाय.))

पंधरा दिवसांनी, ((फोड फुटला, जखम भरत नाहीये. साखरेचा त्रास आहे मला, त्यामुळे वेळ लागतो म्हणतात.))

महिन्याने, ((डॉक्टर म्हणाले भरती व्हा, दहा-बारा दिवस. मी म्हटलं, आणि दिवा कोण लावणार?))

यावर पाच-सहा जणांनी हसरे चेहरे टाकले. चोरट्याने लिहिलं, ((वा! याला म्हणतात ड्यूटी!))

मावशी हसली नाही. आणि त्यानंतर चौथ्या दिवशी आलेली ओळ तिने उभ्यानेच दोनदा वाचली. ((दुखायचं आता थांबलंय, त्यामुळे बरंच आहे. थोडा वास येतो म्हणून घरातही मोजा घालतो.))

दुखायचं थांबलंय आणि वास येतो. या दोन गोष्टी एकत्र आल्या की पुढे काय येतं हे मावशीला डॉक्टरीतलं ओ की ठो कळत नसताना पक्कं ठाऊक होतं. तळपायाची आग मस्तकात गेली. या शहाण्याला पाय जाईपर्यंत बसवून ठेवायचं आणि वर त्याचं कौतुक करायचं? त्या सपाट्यात तिने लिहून टाकलं, सगळ्यांच्या देखत:

((राखणदार, उद्या सकाळी नऊ वाजता दवाखान्यात भरती व्हायचं. हा बंदरप्रमुखाचा हुकूम आहे. काही कारण ऐकलं जाणार नाही.))

पाठवलं, आणि पाठवल्याबरोबर तिलाच ते वाचून मुकादमाचा आवाज ऐकू आला.

उत्तर यायला अर्धा तास लागला. ((बाई, कंसात बंदर नसतं. इथे तुम्ही प्रमुख नाही आणि मी राखणदार नाही. इथे माझा पाय माझा आहे. तुम्ही कोण, मला ठाऊक नाही.))

त्या संध्याकाळी साडेपाच वाजून गेले. सहा वाजले. दिवा लागला नाही.

दुसऱ्या दिवशीही नाही.

बंदर भांबावलं. तिसऱ्या दिवशी दुपारी मावशीला फोन आला तो सूत्रधारांचा. हा सगळा खेळ मांडणारी आणि भांडणं निस्तरणारी ही मुलगी. खऱ्यात दातांच्या दवाखान्यात बाहेर बसून पेशंटची नावं पुकारायची. नियम मोडल्याबद्दल मावशीला दोन शब्द सुनवायचे म्हणून फोन केला होता, पण वयाने लहान, त्यामुळे शब्द फुटेना.

"मावशी, तुम्हाला मी काय सांगणार? पण हे... म्हणजे दुसऱ्या कोणी केलं असतं तर मी त्याला आठ दिवस बाहेर बसवलं असतं."

"मग मला पण बसव."

"तसं नाही हो. लोक काय म्हणतायत माहितीये का? आज दवाखान्यात जा म्हणाल्या, उद्या नोकरी सोड म्हणतील. खुर्ची कंसात आली की खेळायचं कोणी?"

"बरोबर बोलतेस."

"रागावलात?"

"तुझ्यावर कशाला रागावू? माझ्यावरच रागावलेय. अगं, त्याचा पाय सडतोय. बाकी सगळं मी मान्य करते, पण हे डोक्यातून जात नाही. तुझ्याकडे त्याचा पत्ता, नंबर काही आहे का?"

"काहीच नाही. इथे कोणी देत नाही. तुमचा नंबर आहे तो तुम्ही प्रमुख म्हणून. त्यांना एकट्याला निरोप मात्र पाठवता येतो. वाचतायत, मला दिसतं. उत्तर देत नाहीत." मग मागे कोणीतरी हाक मारली असावी. "मावशी, ठेवते. दाढ काढायचीये एकांची."

घरी आल्यावर मावशीने कणीक मळायला घेतली आणि मळतच राहिली. नवऱ्याने दोनदा डोकावून पाहिलं. तिसऱ्यांदा म्हणाला, "त्या पिठाने काय घोडं मारलंय तुझं?"

मग तिने त्याला सगळं सांगितलं. त्याने या वेळी बंदराची थट्टा केली नाही. स्टूल ओढून बसला.

"मी तुझा हुकूम कधी ऐकलाय का?"

"जन्मात नाही."

"मग मी तोंडाला फडकं बांधून रंग मारायला कधीपासून लागलो?"

मावशीचा हात थांबला. नवरा नाकातोंडावर काही न बांधता रंगाची फवारणी करायचा. तिने दहा वर्षं डोकं फोडलं, याच्या अंगावरची माशी हलली नाही. एकदा तिने त्याचा रुमाल धुवायच्या आधी जेवायच्या ताटाशेजारी आणून उघडला. दिवसभर नाक शिंकरलेला रुमाल. आत बसगाडीचा हिरवा रंग होता, जसाच्या तसा. ती काही बोलली नव्हती. वाढून निघून गेली होती.

"तू मला तुझ्या कामातलं दाखवलंस," नवरा म्हणाला. "हुकूम सोडला असतास तर मी भांडलो असतो. रुमालाशी काय भांडणार?" आणि उठता उठता, "आता ते पीठ सोड. दगड झाला त्याचा."

दुसऱ्या दिवशी पाळी सुटल्यावर मावशी बाकावर बसली. तिला एवढं लांब लिहायची सवय नव्हती. बोट चुकायचं, पुसायची, परत लिहायची. तास गेला. तिने एकट्या राखणदाराला पाठवलं ते असं:

((त्या दिवशी मी कंसात खुर्ची घेऊन शिरले. चुकले. माफी मागते. तुम्ही विचारलंत मी कोण. मी एका हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत आहे. चादरींच्या घड्या घालते. प्रमुखबिमुख कोणी नाही, माझ्यावर मुकादम आहे.

मला औषधातलं कळत नाही. चादरींतलं कळतं. पायाच्या जखमांच्या वॉर्डाच्या पिशव्या आमच्याकडे वेगळ्या येतात. जो वेळेवर येतो त्याच्या चादरीला पायथ्याशी डाग असतो. रोज नवी चादर, रोज डाग. दहा दिवसांत तो लहान होत जातो, हाताएवढा, मग चमच्याएवढा, आणि एक दिवस येत नाही. तो माणूस घरी गेला असं आम्ही समजतो.

जो उशिरा येतो त्याच्याही चादरीला डाग असतो. तो मोठा होत जातो. मग एक दिवस चादर येते आणि तिचा पायथा एकदम स्वच्छ. कोरा. सुरकुतीसुद्धा नाही. नवीन बायका म्हणतात, वा, ही कमी मळली. जुन्या बायका काही बोलत नाहीत. तिथपर्यंत पोचायला खाली काही उरलेलं नसतं.

तुमच्यासारखंच दुखायचं थांबलेले लोक असतात ते. मी एकवीस वर्षं घडी घालताना चादर पायथ्याकडून धरते, म्हणून मला माहीत. तुमचा पाय तुमचा आहे हे खरंच. मला एवढंच सांगायचं होतं.))

पाठवून फोन उलटा ठेवला. रडलीबिडली नाही. चप्पल घातली, बस पकडली.

उत्तर दुसऱ्या दिवशी दुपारी आलं. एकच शब्द. ((दिवा?))

मावशीने तो शब्द चार वेळा वाचला. आधी तिला राग आला. पाय चाललाय आणि याला फोनमधल्या दिव्याची पडलीय! मग हळूहळू तिच्या ध्यानात यायला लागलं. बायको नाही, नोकरी नाही, ज्याची कोणी वाट बघतंय अशी या माणसाकडे दिवसातून चारच ओळींची गोष्ट उरलेली. ती सोडून तो पलंगावर जाऊन पडणार, आणि इकडे कोणाला काही फरक पडला नाही तर? पायापेक्षा त्याला हीच भीती मोठी होती. दिवा हे निमित्त नव्हतंच. तेच खरं कारण होतं.

आता कंसात बोलायचं काही उरलं नव्हतं. जे करायचं ते बंदरातच करायला हवं होतं.

त्या दिवशी पाच वाजता तिने गोष्टीत लिहिलं, सगळ्यांसमोर, कंसाशिवाय:

'बंदरप्रमुख दीपगृहाच्या पायथ्याशी आल्या. गुडघे धरून चढू लागल्या. चाळिसाव्या पायरीवर बसल्या. सत्तराव्या पायरीवर परत बसल्या. वर पोचल्यावर धाप लागलेली. म्हणाल्या, राखणदार, दोन वर्षं मी खालून हा दिवा पाहते, पण तो लागतो कसा ते मला माहीत नाही. आज शिकवाल का?'

आणि थांबली.

सव्वापाच झाले. बस आली आणि गेली, मावशी स्टॉपवरच उभी. मग राखणदाराची ओळ उमटली. पाच दिवसांनी पहिली.

'राखणदाराने प्रमुखांना बसायला स्टूल दिलं. म्हणाला, वात आधी कातरायची. नखाएवढी. जास्त कातरली तर धूर.'

'प्रमुखांनी कातरली.'

'जास्त कातरलीत.'

'प्रमुख म्हणाल्या, मला शिवणकाम येतं, हे नाही. परत दाखवा.'

'राखणदाराने परत दाखवलं. मग काच पुसायची. आतून, मग बाहेरून. पदराने नाही. कोरड्या फडक्याने.'

असं चाललं दहा-पंधरा मिनिटं. पुढची बसही गेली. साडेपाचला दिवा लागला, पण राखणदाराने लिहिलं, 'आज दिवा प्रमुखांनी लावला.' आणि त्याखाली, बऱ्याच वेळाने, 'राखणदाराने कमरेची किल्ली सोडून स्टुलावर ठेवली.'

किल्ली त्याने ठेवली. तिने मागितली नव्हती. त्याचा हात त्यानेच हलवला, तेव्हा कुठे मावशीने आपलं प्रमुखपण बाहेर काढलं. लिहिलं, 'बंदरप्रमुखांनी कागदावर हुकूम लिहिला. राखणदारास उद्यापासून बारा दिवस रजा. दोन वर्षं बिनखाड्याची नोकरी झाल्यामुळे ही रजा त्यांचा हक्क आहे. तोवर दिवा प्रमुख स्वतः लावतील. खाली सही.'

'राखणदाराने हुकूम वाचला. खिशात ठेवला. एकशे बारा पायऱ्या उतरला.'

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला कंसात निरोप आला. ((भरती झालो. पलंग खिडकीशी आहे.))

मग मावशीची परीक्षा सुरू झाली. रोज साडेपाच म्हणजे रोज साडेपाच. एकदा ती बसमध्ये एका हाताने दांडा धरून दिवा लावत होती आणि कंडक्टर म्हणाला, "मावशी, तिकीट तरी काढा, मग फोन बघा." एकदा रोलर बिघडला म्हणून सगळ्यांना जादा थांबावं लागलं. मुकादम डोक्यावर उभा, "तुला इथे फोनवर बोटं नाचवायला ठेवलंय?" तिने मान वर केली आणि बारीक आवाजात म्हणाली, "दोन मिनिटं द्या. एकाचं काम मी अंगावर घेतलंय. मग तुमच्या सगळ्या ट्रॉल्या मी एकटी भरून देते." मुकादम दुसऱ्या टेबलावर जाऊन ओरडला.

तिसऱ्या दिवसापासून राखणदाराकडून काही नाही. चौथा दिवस गेला. पाचवा गेला. मावशी दिवा लावायची आणि खाली त्याचा शब्द येतो का बघत बसायची. पायाच्या वॉर्डाची पिशवी वरून आली की तिचा हात आधी तिकडे जायचा. हॉस्पिटल हे नव्हे, शहर हे नव्हे, हे माहीत असूनही ती चादरी पायथ्याकडून उघडून बघायची. शेजारची बाई म्हणाली, "काय शोधतेस गं?" मावशी म्हणाली, "काही नाही."

सातव्या दिवशी दुपारी मशीनी चालू असताना फोन वाजला. अनोळखी नंबर. मावशीने हात पुसून उचलला.

"हॅलो," पलीकडून एक खरखरीत, दमलेला आवाज आला. "कोण... प्रमुख का?"

दोन वर्षं ती त्या माणसाची ओळ न् ओळ वाचत होती. आवाज कसा असेल याचा विचार तिने कधी केला नव्हता.

"मी लॉन्ड्रीतली," ती म्हणाली. "तुम्ही राखणदार?"

"तुमचा नंबर त्या दातवाल्या मुलीने दिला. तुम्हाला विचारून दिला म्हणाली."

"हो, मीच दे म्हटलं होतं. कसे आहात?"

"जेवणात मीठ नसतं."

"ते कुठेच नसतं. पाय?"

मावशीने टेबलाचा काठ धरला.

"करंगळी काढली," तो म्हणाला. "आणि तिच्या शेजारचं अर्धं बोट. ते डॉक्टर म्हणाले, आणखी आठवडा थांबला असतात तर घोट्यापासून. त्यांनी माझी उलटतपासणी घेतली, इतके दिवस काय करत होतात? आता काय सांगणार त्यांना? दिवा लावत होतो?"

मावशीला हसू फुटलं, आणि हसता हसता डोळे भरून आले. तिने ते अभ्र्याने पुसले. मग तो अभ्रा मळक्या ढिगात टाकला, कारण कामातली शिस्त ती शिस्त.

"बाकीचा पाय?"

"जागेवर आहे. गरम आहे. सकाळी सिस्टरने टाचेला टोचलं तर मी ओरडलो. तिला आनंद झाला. कसली दुष्ट माणसं!" मग जरा थांबून, "तुमच्या मागे तो आवाज कसला? समुद्रासारखा?"

"समुद्र कसला, चादरी फिरतायत. तुम्हाला घरी कधी सोडणार?"

"परवा म्हणतात. पण मला एक विचारायचं होतं." आवाज एकदम खाली आला, शाळेतल्या पोरासारखा. "ती बारा दिवसांची रजा आहे ना, त्याचं कसं असतं... बाई, मी चौतीस वर्षं मीटर वाचले. पावसापाण्यात, कुत्री अंगावर घेत. एक दिवस रजा घेतली नाही. आता इथे पडून संध्याकाळी फोन बघतो. तुम्ही चढता, धापा टाकता, काहीतरी चुकता, आणि दिवा लागतो. मी नुसता बघत असतो. फार बरं वाटतं हो. ती वाढवून मिळेल का?"

"किती?"

"आठवडाभर? पंधरा दिवस मागितले तर फार होतील का?"

"माझ्याकडे असं तोंडी चालत नाही," मावशी म्हणाली. "बंदरात अर्ज करा. रीतसर."

तेवढ्यात मुकादमाने लांबून हाक मारली आणि तिने फोन ठेवला. संध्याकाळी पाच वाजता बंदरात राखणदाराचा अर्ज आला, अगदी सरकारी भाषेत, पंधरा दिवसांच्या रजेचा, कारण 'वैयक्तिक' असं लिहून. खाली चोरट्याने लगेच लिहिलं, 'आम्हाला कधी मिळते का हो रजा?' मावशीने बसमध्ये बसायला जागा मिळेपर्यंत वाट पाहिली, चष्मा लावला, अर्ज शेवटपर्यंत वाचला आणि लिहिलं, 'पंधरा नाही, वीस. मंजूर.'